श्रवण : योग्य

"कोण आलं, कोण आलं?" मी ओरडले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन कान उभे केले.

"ससाऽऽ!" चौदा पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

पंधरावी ओरडली नाही. ती उठली आणि हॉलभर टुणटुण उड्या मारत सुटली. मी हाताची सोंड केली, तर ही लगेच झुलायला लागली. मी ओठावर बोट ठेवलं, तेव्हा बाकीची पोरं कालवा करत राहिली आणि ही एकटी जागेवर जाऊन मांडी घालून बसली. हाताची घडी, तोंडावर बोट.

"बघा," आक्काताई म्हणाल्या, "हिला दुसऱ्यांदा सांगाय लागत न्हाई. दाभोळ्यांची कस्तुरी ही. तुमच्या वहीत हिला पयल्या नंबराला घाला."

मी घातलं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट आहे. इचलकरंजीत बालवाडी शिक्षिकांचा वर्षाचा कोर्स निघाला होता आणि मी त्यात होते. शैलजा मगदूम, वय एकोणीस. बाप मागावर, आई घरात कांडीमशीनवर. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. मशीनपुढं बसून दिवसभर त्या भरायच्या. दहावीनंतर दोन वर्षं मीही भरल्या होत्या आणि त्या मशीनचा मला असा वीट आला होता की काय सांगू! लिमयेबाई म्हणजे कोर्सच्या मुख्य बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की जी पहिली येईल तिला जूनपासून संस्थेच्या नव्या बालवाडीत नेमणूक. आम्ही बावीस जणी होतो. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, ही जागा माझी. दुसऱ्या कुणी नेली असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, खोटं कशाला बोलू.

लिमयेबाई पुण्याच्या. हात पाठीमागं बांधून चालायच्या, तशाच उभ्या राहून बोलायच्या. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. ते त्यांनी महिन्याभरात आमच्या तोंडातून खरवडून काढलं.

"शैलजा, 'आलो' नाही, 'आले'. आणि बोलताना हात किती नाचवतेस! तोंडानं सांग की."

'आले' जमलं. हात मात्र काही केल्या थांबले नाहीत. मागाच्या गावात हात हलवल्याशिवाय बोलता येतं होय? चाळीस माग एकदम धडाडत असले की शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. पाणी हवं तर अंगठा तोंडाशी, सूत तुटलं तर दोन बोटांची कात्री, मालक आला तर मिशीला पीळ. कारखान्यातली ही सवय माणसं घरी घेऊन येतात. माझे बाबा तीस वर्षं मागावर काढून निम्मे बहिरे झाले होते, त्यांच्याशी तर आम्ही हातानंच बोलायचो. पोरांनाही आपसूक तीच भाषा लागते.

तर सरावासाठी मला आक्काताई हावळांची बालवाडी मिळाली. कोष्टी गल्लीत मंडळाच्या हॉलमध्ये ती भरायची आणि मागच्या बोळात ओळीनं कारखाने होते. सकाळी साताला जो खडखडाट सुरू व्हायचा तो दिवसभर. मला तिथल्या पंधरा मुलांचं निरीक्षण करायचं होतं. प्रत्येक मुलाचं एक छापील विकास पत्रक. त्यात हालचाल, बोटांचं काम, समज, भाषा, दृष्टी, श्रवण असे कप्पे. आणि प्रत्येक कप्प्यापुढं 'योग्य' किंवा 'लक्ष देणे आवश्यक'. बरोबर एक पेटी. तिच्यात मणी, दोरा, ठोकळे, रंगीत कागद आणि एक लहानशी पितळी घंटी.

पहिले दोन महिने मला जे सुख लागलं ते पुन्हा कधी लागलं नाही. पुस्तकात लिहिलेलं डोळ्यांसमोर घडायचं. चार वर्षांचं मूल माणूस काढतं ते आधी डोकं आणि त्यालाच पाय. काढलंच की, सगळ्यांनी तसंच काढलं! एका पोरीनं पोटच नसलेल्या माणसाच्या हातात भाकरी दिली आणि "खाल्लेली कुठं ठेवणार गं?" विचारलं तर म्हणाली, "टकुऱ्यात." मी हसता हसता ते वहीत लिहून घेतलं. मणी ओवायला बसवलं की काही पोरं दोऱ्याकडं बघतात आणि काही मण्याच्या भोकाकडं, आणि भोकाकडं बघणाऱ्यांचा मणी आधी जातो, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, मी बघितलं. कस्तुरी सगळ्यांत पुढं. ती माझ्या तोंडाकडं आणि हाताकडं टक लावून बघायची आणि मी करीन ते करायची. तिला माझ्या पिशवीचा बंदसुद्धा उघडता यायचा. मी मण्यांची खूण केली की ती स्वतः पिशवीतून डबी काढून आणायची.

डिसेंबरात पत्रकं भरायची होती. श्रवणाच्या कप्प्याखाली बारीक अक्षरात सूचना होती: मुलाच्या पाठीमागे तीन हातांवर उभे राहून घंटी वाजवावी, मूल वळून पाहते का ते नोंदवावे. मी पहिल्या पोराच्या मागं जाऊन घंटी वाजवली. मागच्या बोळातले माग असे दणदणत होते की माझी घंटी मलाच ऐकू आली नाही. पोरगं वळलं, पण ते खिडकीतल्या मांजराला बघून. मी आक्काताईंकडं बघितलं.

"हितं घंटी कुणाला ऐकू येणार ओ?" त्या म्हणाल्या. "लिवा की योग्य म्हणून. कान हैत की सगळ्यास्नी."

आम्ही दोघी खदखदून हसलो. मी पंधराच्या पंधरा पत्रकांवर श्रवणापुढं 'योग्य' लिहिलं, झोकात, आणि खाली सही ठोकली.

भाषेच्या कप्प्यात कस्तुरीपाशी जरा अडले. 'चार शब्दांचे वाक्य बोलते का?' ती 'आ', 'बा', 'मं' एवढंच म्हणायची, तेही कधीमधी.

"आमच्या गल्लीतली पोरं उशिरानंच बोलत्यात," आक्काताई म्हणाल्या. "मागाच्या आवाजात बोलून करायचं काय त्यांनी? माझा थोरला पाच वर्षांचा हुईस्तवर मुका हुता. आता गप बस म्हटलं तर बसत न्हाई."

माझा धाकटा भाऊही उशिरा बोलला होता. पटलं मला. मी लिहिलं, 'शब्द मोजके. स्वभाव बुजरा. सूचना तंतोतंत पाळते.' लिमयेबाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून 'छान निरीक्षण' असा शेरा दिला. फाईल सगळ्या वर्गात फिरवली. बावीस जणींत मी पहिली.

जानेवारीतल्या एका सकाळी आक्काताई खिचडी आणायला गेल्या होत्या. पोरं ठोकळे खेळत होती आणि अचानक लाईट गेली.

बाहेरच्यांना हे समजायचं नाही. आमच्या गावात आवाज कुणाच्या कानावर पडत नाही, तो असतोच. कानावर पडते ती शांतता. सगळ्या बोळांतले माग एकदम थांबले की झोपलेली तान्ही पोरं दचकून उठतात, म्हातारी माणसं "काय झालं, काय झालं" करत दारात येतात. त्या दिवशीही तसंच झालं. चौदा पोरांचे हात जागच्या जागी थांबले. चौदा माना वर झाल्या. कुणीतरी "लाईट गेलीऽऽ" म्हणून ओरडलं आणि सगळी खिडकीकडं पळाली.

कस्तुरी ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली.

तिची पाठ माझ्याकडं होती. मी पेटीतून घंटी काढली, तिच्या मागं गेले आणि वाजवली. आता ती किती स्वच्छ वाजत होती! खिडकीतली पोरं मागं वळून बघायला लागली. कस्तुरीनं पाचवा ठोकळा ठेवला. मी खिचडीची रिकामी थाळी घेतली आणि फरशीवर आपटली. दोन पोरं रडायला लागली. थाळी गरगरत तिच्या गुडघ्याला लागली तेव्हा तिनं वळून बघितलं, मला पाहून हसली, आणि मी काही खेळ काढलाय असं वाटून ती थाळी उचलून तिनं माझ्या हातात दिली.

"काय पडलं ओ?" आक्काताई भांडं घेऊन दारात उभ्या.

"थाळी," मी म्हटलं. "हातातनं सुटली."

तेवढ्यात लाईट आली आणि माग सुरू झाले.

मला काय करायला हवं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. लिमयेबाईंकडं जाऊन सांगायचं, की बाई, चाचणी न करताच मी पंधरा सह्या केल्या. मग ती फाईल गेली, नंबर गेला, नेमणूक गेली आणि मी परत आईशेजारी कांडीमशीनपुढं. मी हिशेबच केला: मार्चअखेर परीक्षा. दोन महिने. एवढी चार वर्षं गेली, दोन महिन्यांनी काय होतंय? परीक्षा झाली की दुसऱ्याच दिवशी सांगू. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला तो शहाणपणाच वाटायला लागला.

महिनाअखेरीला पालकसभा झाली. पत्रकांच्या नकला पालकांना द्यायच्या होत्या. सगळे गेल्यावर कस्तुरीची आई मागं राहिली. मालन तिचं नाव, असेल पंचवीस वर्षांची, पदराला सुताचे तुकडे चिकटलेले. पत्रक हातात उलटं धरलेलं.

"बाई, एक इचारू? रागाला येऊ नका."

"विचारा की वहिनी."

"माझी सासू म्हणती, पोरगी भैरी हाय. मागनं हाक मारली की बघत न्हाई म्हणती. मी म्हणतो, म्हातारीला काय कळतंय? मी हात केला की पोरगी पळत येती. पाणी म्हटलं की तांब्या आणती. भैरी पोरगी तांब्या आणंल व्हय?"

'पाणी' म्हणताना तिचा अंगठा तोंडाशी गेला होता. मी त्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"येत्या ऐतवारी शाळंत मिरजेचं कानाचं डागदर येणार हैत," ती म्हणाली. "सासू न्ह्या म्हणती. मालक म्हणत्यात, बालवाडीत तपासलंय न्हवं, कागदात बघ काय लिवलंय ते. मला वाचाय येत न्हाई. एवढं वाचून दावा की."

आक्काताई चटया गुंडाळत होत्या. मी पत्रक सरळ केलं. माझंच अक्षर होतं, गोल, टपोरं.

"श्रवण, योग्य," मी वाचलं.

"म्हंजी?"

"म्हणजे ऐकणं बरोबर."

मालननं डोळ्याला पदर लावला. "देव तुमचं भलं करो. महिनाभर जिवाला घोर लागला हुता ओ माझ्या." आणि माझे दोन्ही हात धरून तिनं कपाळाला लावले.

मी तेव्हा मनाशी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, मी खोटं बोलले नाही. कागदावर होतं तेवढंच वाचलं. अशी मी हलकट.

रविवारी त्या शाळेवरून मी मुद्दाम गेले. आवारात पोरांची रांग होती. कस्तुरी कुठं दिसली नाही. मला वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. मला हायसं वाटलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा झाली. कोल्हापूरहून परीक्षक बाई आल्या, लिमयेबाई त्यांच्याशेजारी हात मागं बांधून उभ्या. मी कस्तुरीला पुढच्या ओळीत, बरोबर मध्ये बसवलं होतं. ससा झाला, हत्ती झाला, रंग ओळखणं झालं. कस्तुरी एकदाही चुकली नाही. परीक्षक बाई खूश होऊन तिच्यापाशी वाकल्या.

"तुझं नाव काय गं, सोने?"

त्यांचे हात पर्सवर होते. कस्तुरी त्यांच्या ओठांकडं बघत राहिली, मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी परीक्षक बाईंच्या पाठीमागं उभी होते. मी नाकाशी बोटं नेली आणि पुढं केली: फूल दे. कस्तुरी उठली, टेबलावरच्या तांब्यातलं शेवंतीचं फूल काढलं आणि बाईंच्या हातात दिलं.

"अगं बाई गं! बोलत नाही, पण माणसं कळतात हो हिला."

"बुजरी आहे," लिमयेबाई म्हणाल्या. "शैलजानं नोंद केली आहे तशी. फार बारीक नजर आहे हिची."

एप्रिलच्या दहा तारखेला निकाल लागला. मी पहिली आले. लिमयेबाईंनी मला बोलावून सांगितलं, की माझी पंधरा पत्रकांची फाईल पुढच्या तुकड्यांना नमुना म्हणून दाखवणार, आणि नेमणुकीवर संस्थेची सही व्हायचीय, पण ती झाली असंच समज. आईनं पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेतली आणि दाभोळ्यांच्या घरी गेले. गेले, हे तरी खरं आहे.

मालन कांडीमशीनपुढं बसली होती. मला बघून तिनं बटण बंद केलं, हात पुसले, पाट दिला. कस्तुरी कोपऱ्यात रिकाम्या कांड्या रंगांप्रमाणं लावत होती. मी दिसताच पळत येऊन मांडीला चिकटली.

"सासूबाई कुठं आहेत?" मी विचारलं.

"लेकीकडं धाडली." मालनची मान खाली गेली. "लई भांडण झालं ओ. त्या ऐतवारी म्हातारी पोरीला घेऊन गुपचूप रांगंत हुबी राहिलेली. मला कळलं तसा मी पळत गेलो आणि रांगंतनं पोरीला वडून आणलं. कागद दावला सगळ्यास्नी. मालक आईवर लई भडकलं. नातीला भैरी म्हणून गावभर करती म्हणाले, आणि दिली पाठवून. जाताना रडत हुती म्हातारी."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला.

"वहिनी, सासूबाईंचं बरोबर होतं. कस्तुरीला ऐकू येत नाही."

ती आधी हसली. "थट्टा करालाय व्हय बाई?"

"नाही वहिनी."

"मग तवा वाचून दावलासा ते काय हुतं?"

"चूक झाली माझी. मी तपासलंच नव्हतं. तसंच लिहिलं होतं."

मालन माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पोरीकडं बघितलं. "कस्तुरे," तिनं हाक मारली, हात मांडीवर तसेच ठेवून. "ए कस्तुरे! कस्तुरेऽऽ!" शेवटची हाक म्हणजे किंकाळीच होती. कस्तुरी माझ्या ओढणीचे गोंडे मोजत होती.

मालन रडली नाही. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल, अंगावर धावून येईल. तसं काही झालं नाही. बराच वेळ ती बोटाला गुंडाळलेलं सूत सोडवत बसली.

"मालक तोंडचं मानणार न्हाईत," ती अखेर म्हणाली. "त्येंला मी कागद दावलाय. त्या कागदापायी आई घालवली त्येंनी. आता मी तोंडानं सांगितलं तर म्हणतील, तुला म्हातारीनं शिकवलं. बाई, तुम्ही लिवून द्या. तवा लिवलं हुतासा तसंच. सही करून. मग मी मिरजंला न्हेतो हिला उद्याच्या उद्या."

'लिवून द्या' म्हणताना तिनं डाव्या तळव्यावर उजव्या हाताची चिमूट फिरवली.

"कागद नाही आत्ता," मी म्हटलं. "उद्या आणते."

कस्तुरी आईच्या हाताकडं बघत होती. ती उठली. माझ्या पिशवीपाशी गेली, बंद उघडला, आतली कोऱ्या पत्रकांची गड्डी काढली, पेन काढलं, पेनाचं टोपण काढून मागं लावलं आणि सगळं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मग समोर जाऊन बसली. हाताची घडी, तोंडावर बोट.

मालन पत्रकांकडं बघत होती.

मी पेन उचललं. 'कस्तुरी दाभोळे, वय चार' लिहिलं. पुढं लिहायचं होतं ते एवढंच: ऐकू येत नाही, आधीची नोंद चुकीची आहे. सात शब्द. हा कागद तिचा बाप वाचणार, मिरजेचा डॉक्टर वाचणार, तो कुणाला तरी विचारणार, आणि फिरत फिरत ते लिमयेबाईंच्या टेबलावर येणार, नमुन्याच्या फाईलशेजारी. माझ्या उजव्या हाताला मालनचं मशीन होतं, त्यावर अर्धवट भरलेली कांडी. मी त्या कांडीकडं बघितलं आणि लिहिलं, 'सर्दीमुळे ऐकण्यात फरक वाटत असल्यास डॉक्टरांना दाखवून घ्यावे.' खाली सही केली.

"लिवलं न्हवं?" मालननं विचारलं. "ऐकू येत न्हाई म्हणून?"

"हो. लिहिलंय."

तिनं कागदाची घडी घालून देवाच्या फोटोमागं ठेवली आणि मला चहा केला. मी तो प्याले. कस्तुरी मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली.

जूनमध्ये मी नोकरीवर रुजू झाले. दाभोळ्यांच्या गल्लीत मी पुन्हा गेले नाही, लांबून वळसा घालून जायचे. दोन वर्षांनी एका दुपारी मालनच माझ्या बालवाडीत आली. एकटीच. दारातच उभी राहिली.

"मिरजंला जाऊन आलो," ती म्हणाली. "तुमचा कागद मालकांनी वाचला. सर्दी म्हणाले. दोन वर्सं लसणीचं कोमट तेल घातलं कानात रोज. आता डागदर म्हणतोय, मशीन लावलं तर आवाज कळंल थोडा, पर बोली शिकायचं वय गेलं. चार वर्सांची आसताना का आणली न्हाई म्हणून वरडला माझ्यावर. मी दोन्ही कागद म्होरं ठेवलं. त्यानं वाचलं आणि इचारलं, ही बाई कोण?"

माझ्या हातात पोरांच्या हजेरीची वही होती.

"मी नाव सांगितलं न्हाई," मालन म्हणाली. "सहीवरनं काय कळत नव्हतं त्येला. मी म्हटलं, हुती एक शिकणारी पोर. आता न्हाई हितं."

आणि ती गेली. एवढंच सांगायला आली होती. मला मारलं असतं तरी चाललं असतं.

आता मी त्याच कोर्सची मुख्य बाई आहे. त्या गोष्टीला सदतीस वर्षं झाली. कस्तुरी एका कारखान्यात कांडीमशीनवर असते. हात फार चलाख आहे, आवाजाचा त्रास होत नाही, मालक तिच्यावर खूश आहे, असं आक्काताईंच्या थोरल्याकडून कळतं. मी माझ्या मुलींना श्रवणाची चाचणी दोनदा करायला लावते. बोळातले माग बंद असतील अशी वेळ गाठायची, मुलाच्या मागं जायचं, हात हलवायचे नाहीत, तोंड दिसू द्यायचं नाही. मुली वैतागतात. माझ्या माघारी मला 'घंटीबाई' म्हणतात, ठाऊक आहे मला.

परवा एक हुशार मुलगी वर्गात उठून उभी राहिली. हात पाठीमागं बांधून, मी शिकवलंय तसं.

"बाई, तुमच्या सरावात असं एखादं मूल निघालं होतं का हो? म्हणून तुम्ही एवढं सांगता?"

"नाही गं," मी म्हटलं. "माझ्या वेळी पंधराच्या पंधरा योग्य होती."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.